‘क्युन्स्टलेरिन’ला मराठीत काय म्हणावे : कलावंतीण, चित्रकर्ती की कलावंत स्त्री?

प्रश्न : बर्लिनमध्ये १८६७ साली स्थापन झालेल्या ‘फेराइन डेर क्युन्स्टलेरिनन उंड कुन्स्टफ्रॉइंडिनन’ या संस्थेवरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. पहिल्या खर्ड्यात ‘क्युन्स्टलेरिन’साठी ‘कलावंतीण’ लिहिले आणि स्वतःच दचकून खोडले. जर्मनमध्ये ‘क्युन्स्टलर’ला (म्हणजे कलावंत) ‘इन’ लागून स्त्रीलिंगी रूप होते, तसे मराठीत ‘ईण’ लावून का भागू नये?

उत्तर : खोडलेत ते बरे केलेत. ‘कलावंत’ हा आदराचा शब्द, पण ‘कलावंतीण’ म्हटले की नाचगाण्याची बैठकच डोळ्यांपुढे येते. कुंचला किंवा छिन्नी येत नाही. त्यात प्रत्ययाचा दोष नाही, तो शब्द वापरणाऱ्या समाजाचा आहे. तरीही ‘ईण’ची स्वतःची एक अडचण आहेच. सुतारीण म्हणजे रंधा मारणारी बाई नव्हे, तर सुताराची बायको. आणि ‘मास्तरीणबाई’ वर्गावर शिकवणाऱ्या की मास्तरांच्या घरच्या, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. या संस्थेला तर नेमके याच्या उलट म्हणायचे होते. बर्लिनच्या कला अकादमीचे दरवाजे स्त्रियांना १९१९पर्यंत बंद होते, म्हणून संस्थेने १८६८मध्ये स्वतःची चित्रशाळा काढली आणि तीत चित्रकलेच्या शिक्षिकाही तयार केल्या, म्हणजे पोटापाण्याची सोयही पाहिली. कुणाची पत्नी वा कन्या म्हणून नव्हे, तर स्वतःच्या हातच्या कामावर ओळखली जाणारी स्त्री, हा अर्थ प्रतिशब्दात उतरला पाहिजे.

‘चित्रकार’चे संस्कृत वळणाचे स्त्रीलिंगी रूप ‘चित्रकारी’ असे होईल. पण मराठीत तो कामाचा वाचक आहे, करणारीचा नव्हे. ‘चित्रकर्ती’ मात्र चांगला रुळला आहे. अंबिका धुरंधरांना चित्रकर्ती म्हणताना आपण अडखळत नाही, आणि ‘घरातली कर्ती बाई’ या प्रयोगामुळे ‘कर्ती’ला मराठीत मुळातच वजन आहे. तो इथे अपुरा पडतो तो वेगळ्याच कारणाने. जर्मन कलावंत केथे कोल्वित्स १८८०च्या दशकात याच शाळेत शिकल्या. तिथले शिक्षक कार्ल श्टाउफर-बेर्न यांनी त्यांना रंगांपेक्षा रेखाटनाकडे वळवले, आणि पुढे त्या स्वतः याच शाळेत शिकवूही लागल्या. त्यांचे नाव झाले ते रेखाटन, एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेले छापचित्र) आणि शिल्प यांमुळे. ‘चित्रकर्ती’ म्हटले तर त्यांचे निम्मे काम बाहेर राहते. १८९६मध्ये शाळेत आलेल्या पाउला बेकर (पुढे मोडरझोन-बेकर) यांना मात्र तो शब्द चपखल बसतो. म्हणून संस्थेच्या नावात ‘कलावंत स्त्रिया’ आणि व्यक्तीविषयी लिहिताना कामाप्रमाणे ‘चित्रकर्ती’ वा ‘शिल्पकार’ असे मी सुचवीन.

जाता जाता : त्या काळी जर्मनीत अशा स्त्रियांना ‘मालवाइबर’ म्हणून हिणवत. त्याचा अनुवाद करण्याची वेळ आलीच, तर ‘रंग फासणाऱ्या बाया’ असा करावा. तिथे ‘स्त्रिया’ किंवा ‘बायका’ लिहिले तर कुत्सितपणा नाहीसा होईल.

आणखी एक मत : वरील निर्णय पटतो. ‘कुन्स्टफ्रॉइंडिनन’ म्हणजे स्वतः कलावंत नसून संस्थेला पाठबळ देणाऱ्या स्त्रिया. त्यांना ‘कलेच्या मैत्रिणी’ म्हणणे शब्दशः बरोबर असूनही हास्यास्पद वाटेल. ‘रसिक’ आस्वादापुरता थांबतो, म्हणून ‘कलास्नेही’ बरा. ‘फेराइन’साठी (म्हणजे संस्था, मंडळ) ‘महिला मंडळ’ नको, कारण त्या जोडशब्दाला आता हळदीकुंकवाचा वास आहे. ‘संघ’ म्हटले की क्रिकेट आठवते. त्याच वर्षी, म्हणजे १८६७मध्ये, मुंबईत प्रार्थना समाज आणि १८७०मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. त्या काळाच्या भाषेला ‘सभा’ अधिक शोभेल. ‘कलावंत व कलास्नेही स्त्रियांची सभा, बर्लिन’ असे लिहून पाहावे.