आंबे कच्चे आले म्हणजे फसवणूक नव्हे

वर एकांनी लिहिलंय की देवगडच्या बागायतदाराकडून थेट मागवलेल्या पेटीत आंबे हिरवे आणि कडक निघाले, म्हणजे फसवलंच. मला उलट वाटतं. चांगला बागायतदार आंबा 'चौदा आणे' तयार झाला, म्हणजे जवळजवळ पूर्ण वाढला पण अजून पिकला नाही, की उतरवतो, झाडावर पिकू देत नाही. पिकलेला आंबा दोन दिवसांच्या टेम्पोप्रवासात टिकणार कसा? अढी, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालणं, आता तुम्हाला घरी लावायची आहे. पेंढ्यात एकेक आंबा सुटा ठेवा, फ्रीजमध्ये मुळीच नको. रोज सकाळी उलटापालट करा. देठाजवळ नाक नेलं की पिकलाय ते वासावरून कळतंच. साल जराशी सुरकुतली तरी घाबरू नका, तेव्हाच तो खरा गोड.

काळजी करायची ती पेटी आली तेव्हाच सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक असतील तर. आंबे झटपट पिकवणाऱ्या कार्बाइड या रसायनाला बंदी आहे, पण वापर थांबलाय असं नाही.

माझी फसगत वेगळीच झाली होती. व्हॉट्सअॅपवरच्या एका विक्रेत्याने 'देवगड' म्हणून पाठवलेल्या पाच डझनांत वरचा थर बरा, खाली जाड सालीचे, कापल्यावर फिकट पिवळे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं) मिळालंय, त्यामुळे आता मी आधी विक्रेत्याचा त्यातला नोंदणी क्रमांक मागतो. जो टाळाटाळ करतो त्याला रामराम.

साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट-स्पंजासारखा होण्याचं, मात्र काही करता येत नाही, तो बाहेरून बागायतदारालाही दिसत नाही. साका निघाला तर कापल्याकापल्या बागायतदाराला फोटो पाठवा, माझ्या बागायतदाराने दोनदा बदली आंबे दिलेत.