तान्ही मुलं आणि परदेशातलं शहर: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं चाललंय. पाच रात्री. मोठा साडेतीन वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा जिवांना काय कळणार? थोडी मोठी होऊ द्या." त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. पण मोठ्याला परवा नुसती डेक्कन क्वीन दाखवायला पुणे स्टेशनवर नेलं होतं, तो अजून रोज रात्री तिचं नाव काढतो. म्हणून जावंसं वाटतं.

बघायच्या जागांच्या याद्या मिळाल्यात. मला हवंय ते वेगळं: तुमचा दिवस कसा गेला? मुलं कधी झोपली, काय खाल्लं, कुठे बिनसलं, तुम्ही काय सोडून दिलंत? शहर कुठलंही चालेल. फसलेलं आधी सांगा.

सिंगापूर. लेक तेव्हा अडीच वर्षांची

सगळ्यात आधी घड्याळ. तिथलं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आमची लेक घरी साडेनऊला झोपते, म्हणजे तिथले बारा. पहिले दोन दिवस आम्ही तिला तिथल्या नऊला झोपवायचा हट्ट धरला. अंधाऱ्या खोलीत ती गाणी म्हणत लोळतेय आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडतोय. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "हिचं घड्याळ पुण्याचंच राहू दे." तिथून सहल खरी सुरू झाली. सकाळी आरामात उठायचं (हॉटेलचा नाश्ता बुडायचा, म्हणून रात्रीच फळं आणि ब्रेड आणून ठेवायचे), दुपारचं ऊन आणि पाऊस झोपेत घालवायचा, पाचनंतर बाहेर. नाइट सफारी, म्हणजे रात्रीचं प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी सव्वासातला सुरू होते. ट्राममध्ये बाकीची पोरं पेंगत होती, आमची टक्क जागी.

गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेतल्या दोन मोठ्या काचघरांची तिकिटं काढली होती, वीस मिनिटांत बाहेर आलो. तिथेच मुलांची बाग आहे, फुकट, जमिनीतून कारंजी उडतात. लेक फरशीतल्या भोकावर तळपाय दाबून उभी राहायची, श्वास रोखून. पाणी पायाखाली धडका द्यायला लागलं की किंचाळत पाय काढायची. हे दोन तास. तिथली ती उंच कृत्रिम झाडं, सुपरट्री, तिने मान वर करून पाहिलीसुद्धा नाहीत, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. टॉवेल आणि कपड्यांचे दोन जोड न्या.

जेवणाला लिटल इंडियातला सेरंगून रोड. तिथलं कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल १९४७ पासून आहे, इडली आणि दहीभात मिळाला की निम्मी काळजी मिटते. दिवाळीत जाताय तर तो सगळा रस्ता रोषणाईने उजळलेला असेल. मुलांना तेवढं एक दाखवलंत तरी पुष्कळ.

दुबई. मुलगा तीन वर्षांचा

फेब्रुवारीत गेलो, हवा छान होती. मेट्रोत बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, मी गडबडीत त्यात शिरलो. शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं म्हणून दंड वाचला. बुर्ज खलिफा वगैरे पाहिलं. पण मुलाला आठवते ती अब्रा, खाडी ओलांडणारी लाकडी होडी. माणशी एक दिरहॅम. पलीकडे देरा, अलीकडे बर दुबई. आम्ही पाच वेळा ये-जा केली. त्या दुपारचा बाकी बेत रद्द.

लंडन. नात चार वर्षांची, नातू दहा महिन्यांचा

मी आजी. मुलगा-सून म्हणाले चला, म्हणून गेले. जूनमध्ये लंडन आपल्या साडेचार तास मागे. नातू पहाटे तीनला उठून बसायचा आणि पावणेपाचला उजाडायचं. सून बिचारी रात्रभर जागलेली. मग मी त्याला घेऊन हाइड पार्कात जायचे, ते पाचलाच उघडतं. तळ्याकाठी बदकं बघत तो दूध प्यायचा. सून आठपर्यंत झोपायची, आणि त्यावर तिचा सबंध दिवस नीट जायचा. म्हणून मुद्दाम लिहिते: राहायची जागा बागेला लागून घ्या, स्थळांना लागून नको.

नॅचरल हिस्ट्री म्युझियमला तिकीट नाही, हे लहान मुलांसाठी फार मोलाचं. अर्ध्या तासात बाहेर पडलं तरी पैसे गेल्याची रुखरुख नसते. मधल्या दालनात निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटर लांब सांगाडा टांगलेला आहे. नात त्याच्याखाली उताणी झोपली आणि म्हणाली, "आजी, मी याच्या पोटात आहे." कोणी उठवलं नाही तिला.

भुयारी रेल्वेत पुष्कळ स्टेशनांना लिफ्ट नाही. आम्ही बसनेच फिरलो. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट. बाबागाडी उघडी ठेवता येते, पण चाकाच्या खुर्चीवालं कोणी आलं की घडी करावी लागते.

खाण्याचं: मेतकूट, भाजलेल्या मूगडाळ-तांदळाची खिमटाची पूड, नाचणीसत्त्व. दुधाचे पदार्थ मात्र तिथे नेऊ देत नाहीत, तूपसुद्धा नाही. बाळाची सीलबंद दुधाची पावडर दोन किलोपर्यंत चालते.

आणि हो, तुमच्या सासूबाईंनाही घेऊन जा.

पॅरिस. जुळी, दीड वर्षाची

मेट्रोत जिने, जिने आणि जिने. चौदा नंबरची लाइन सोडली तर लिफ्टच्या भरवशावर राहू नका. जुळ्यांची रुंद बाबागाडी नेली ही आमची चूक. तिसऱ्या दिवसापासून एकेक पोर छातीशी बांधलं आणि बस पकडली. लक्झेंबर्ग बागेत तळ्यात सोडायला शिडाच्या लाकडी होड्या आणि ढकलायला काठी भाड्याने देतात. आमची दोघं काठीवरून भांडली, पण तास गेला.

बाबागाडीचं आणखी एक. ती विमानाच्या दारात परत मिळेल असं सांगितलं होतं, आली ती सामानाच्या पट्ट्यावर, चाळीस मिनिटांनी. तोवर झोपलेली दोन मुलं खांद्यावर आणि समोर इमिग्रेशनची रांग. तुम्ही दोघं आणि मुलं दोन आहात, तेव्हा बाळाला बांधायची झोळी हाताशीच ठेवा.

तारखांबद्दल थोडक्यात

परतीच्या आधी मुलाचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते. आम्हाला हे तिकीट काढताना कळलं नाही, नंतर भुर्दंड पडला. बाळाचं बॅसिनेट (विमानात बाळाला झोपवायचा छोटा पाळणा) आधी फोन करून मागून घ्या, वजनाची मर्यादाही तेव्हाच विचारा. तापाचं औषध घरचं न्या, सोबत मोजायची सिरिंज. तेच औषध दुसऱ्या देशात वेगळ्या तीव्रतेचं मिळू शकतं, आणि रात्री दोन वाजता चमच्यांचा हिशोब करायची वेळ कुणावर येऊ नये.

सिंगापुरातच राहतो, मुलं दोन

दोन गोष्टी नक्की लक्षात ठेवा. टॅक्सीत लहान मुलांच्या सीटची सक्ती नाही, पण ॲपवरून येणाऱ्या खाजगी गाडीला आहे. १.३५ मीटरखालच्या मुलाला योग्य सीट नसेल तर चालक नेणार नाही. दुसरं, फ्लॅट भाड्याने घेऊ नका. खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी देणं इथे बेकायदा आहे. स्वयंपाकघर हवं असेल तर सर्व्हिस्ड अपार्टमेंट बघा.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबागाडी उघडीच नेता येते, लिफ्ट सगळीकडे आहेत. ०.९ मीटरखालची मुलं फुकट. नळाचं पाणी प्या. बाहेर घाम आणि आत कडक एसी, धाकटीसाठी मऊ शाल पिशवीत वर ठेवा. मुलांची पाण्याची बाग सोमवारी बंद असते.

पुन्हा मी

सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. सेंतोसा बेटाचे दोन दिवस काढून टाकलेत. दिवसाला एकच ठिकाण, तेही पाचनंतर. बॅसिनेटसाठी फोन झाला, धाकटी साडेआठ किलो आहे, चालेल म्हणाले.

आजींचं लिहिलेलं सासूबाईंना मी मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी कपाट उघडून बसलेल्या दिसल्या. त्यांचा पासपोर्ट मार्चपर्यंत आहे, प्रवासाला लागणारे सहा महिने भरत नाहीत, नूतनीकरणाला उद्या जातोय. आणि भाजणीबरोबर खिमटाचे तांदूळही धुऊन वाळत घातलेत.