डाळिंबापासून युरोलिथिन तयार करणारे जिवाणू आईच्या आतड्यात आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे?

नमस्कार मंडळी,

सांगोल्याजवळ आमची भगवा डाळिंबाची बाग आहे आणि माझी एकाहत्तर वर्षांची आई रोज दुपारी वाटीभर दाणे खाते. गेल्या वर्षभरात तिच्या पायांतली ताकद फार कमी झाली असून खाली बसल्यावर तिला खाटेचा खूर धरूनच उठावे लागते. परदेशातला माझा धाकटा भाऊ तिच्यासाठी युरोलिथिन ए या द्रव्याच्या कॅप्सूल पाठवणार आहे. हे द्रव्य डाळिंबापासूनच मिळते असे तो सांगतो, तेव्हा घरचे फळ असताना कॅप्सूल कशाला, असे मला वाटले.

वाचल्यावर कळले की डाळिंबात युरोलिथिन नसतेच. त्यात इलॅजिटॅनिन नावाची तुरट द्रव्ये (टॅनिनांचा एक प्रकार) असतात, मुख्यतः प्युनिकॅलॅजिन. त्यांपासून सुटणारे इलॅजिक आम्ल रक्तात फारच थोडे शोषले जाते; बाकीचे मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथे गॉर्डोनिबॅक्टर व त्याच्या जोडीचे इतर जिवाणू त्यातले हायड्रॉक्सिल गट एकेक करून काढत युरोलिथिन बनवतात, जे चांगले शोषले जाते. स्पेनमधील मुर्सियाच्या संशोधकांनी यावरून माणसांचे तीन गट केले आहेत. ए गटात युरोलिथिन ए बनते, बी गटात त्याच्यासोबत आयसोयुरोलिथिन ए आणि युरोलिथिन बी, तर शून्य गटात यांपैकी काहीच बनत नाही.

माझी काळजी इथूनच सुरू होते. दिवाळीनंतर आईला लघवीच्या संसर्गामुळे प्रतिजैविकांचे लागोपाठ दोन कोर्स घ्यावे लागले. त्यात हे जिवाणू नष्ट झाले असतील, तर ते आपोआप परत येतात का? डाळिंब खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवस युरोलिथिन लघवीत सापडते. तशी तपासणी पुण्यात किंवा मुंबईत कोणी करून देते का?

दुसरा प्रश्न फळाच्या भागांचा आहे. प्युनिकॅलॅजिन दाण्यांपेक्षा सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात कितीतरी जास्त असते. विळीवर डाळिंब चिरले की लोखंडी पाते काळे पडते, ते याच टॅनिनांमुळे. अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात ते अधिक उतरते, पण आईला मधुमेह असल्याने पेलाभर रस तिला चालणार नाही. सालीची पूड सुचवणारे पुष्कळ भेटतात, मात्र तेल्या रोगासाठी बागेत किती फवारण्या होतात हे मी स्वतः पाहत असल्यामुळे ती आईला देण्याचे धाडस मला होत नाही. दाण्यांसोबत थोडा पापुद्रा खाणे, किंवा इलॅजिटॅनिन असलेले अक्रोड रोज देणे, हा बरा मार्ग ठरेल का?

कॅप्सूलबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ ते ९० वर्षांच्या ६६ जणांपैकी काहींना चार महिने रोज १००० मिलिग्रॅम युरोलिथिन ए दिले होते. त्यांच्या हातापायांच्या स्नायूंची दमछाक उशिरा होऊ लागली, परंतु सहा मिनिटांत चालून होणारे अंतर औषधाविना गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय वाढले नाही. आईची अडचण तर उठण्या-चालण्याचीच आहे.

आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते आणि तिच्या मूत्रपिंडांचे अहवाल ठीक आहेत. आहारतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना या कॅप्सूल दिलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा. तोवर भावाला मी मागणी नोंदवू नकोस असे सांगितले आहे.