कारंजा (लाड) ते वर्धा : एवढ्याशा अंतरासाठी समृद्धी महामार्गावर चढायचं कशाला?

कारंजेकर

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्याकडे साक्षगंधांचा, म्हणजे साखरपुड्यांचा, हंगाम सुरू होतो. यंदा पुतणीचं वर्ध्याला ठरलंय. घरून दोन गाड्या निघतील. एकीत म्हातारी माणसं, ओट्यांचं सामान आणि पेढ्यांचे डबे, दुसरीत तरणी मंडळी. कार्यक्रम दुपारी साडेबाराचा. घरातली पोरं एका सुरात सांगताहेत, "काका, समृद्धीनं चला, बसल्याबसल्या वर्धा."

माझं मत उलटं आहे. ते मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

आधी पैशाचं. समृद्धीवर मोटारीचा टोल किलोमीटरमागे १.७३ रुपये होता, एप्रिल २०२५ पासून २.०६ झाला. म्हणजे शंभर किलोमीटरला २०६ रुपये. दोन गाड्या, जाणं आणि येणं धरलं तर आठशेच्या वर गेले. आणि ती सडक वर्ध्याच्या दारात नेऊन सोडत नाही. येळाकेळीला उतरायचं, मग वर्ध्यापर्यंत साधा रस्ता आहेच. इकडे घरातून इंटरचेंजपर्यंत, म्हणजे सडकेवर चढायच्या जागेपर्यंत, जायचं ते वेगळं. एवढं करून वाचतो अर्धा-पाऊण तास. तो वाचवून करायचं काय? आपण पोचतो तेव्हा तिकडचे लोक खुर्च्या मांडत असतात.

जुना रस्ता आपल्या ओळखीचा. कारंजा, तळेगाव दशासर, पुलगाव, देवळी, वर्धा. कुठंही थांबा. पोराला मळमळलं तर लिंबू मिळतं, चाक बसलं तर पंचरवाला मिळतो, काकूंची गोळी घरी राहिली तर पुलगावात औषधाचं दुकान आहे. देवळीपासून पुढं तर यवतमाळ-वर्धा चौपदरीच लागतो. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, ज्याला मुंबई गाठायची त्याच्यासाठी ती सोन्याची. आपल्याला दोन गावांच्या मध्ये गप्पा मारत जायचंय.

माझा बेत असा : सकाळी आठला, धुकं विरलं की निघायचं. तळेगावात चहा. साडेदहा-अकरापर्यंत वर्धा. जेवणं उरकली की चारला परत, दिवेलागणीपर्यंत घर.

सोळा टायरी

काका, बेत कागदावर बरा आहे. मी जिनिंगच्या गाठी वाहतो, या दिवसांत तुमचा जुना रस्ता रोज बघतो. कापसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस दोन्ही बाजूंनी असा फुगून बाहेर आलेला असतो की मागच्या गाडीला पुढचं काहीच दिसत नाही. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. त्याला ओलांडायला तुम्ही उजवीकडे निघता आणि समोरून येते एसटी. आमच्या धंद्यात माणसं जातात ती अशीच, ओलांडताना.

समृद्धीवर समोरून कोणी येत नाही. माझ्यासाठी हे एकच कारण पुरे आहे. तीन पट्टे जायला, तीन यायला, मध्ये दुभाजक. सव्वाचारशे रुपयांत एका गाडीचं जाणं-येणं बिनधास्त होत असेल तर मी घासाघीस करणार नाही.

बांधावरून

सोळा टायरीवाले भाऊ, ट्रॅक्टरच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. कापूस घरात ठेवू काय? जिनिंगवर न्यायला दुसरी सडक सांगा. समृद्धीवर ट्रॅक्टर चढू देत नाहीत, बंडीचं तर सोडाच. माही अर्धी जमीन त्या सडकेत गेली. मोबदला भेटला, नाई म्हणत नाई. पण उरलेलं वावर पलीकडं पडलं. आता पावसाळ्यात बोगद्यात गुडघाभर पाणी असते आन मले साऱ्या गावाचा फेरा मारून जा लागते. त्याच सडकेवरून तुमी भुर्रकन जाता आन खालून आमी पायत राहतो.

लाल पट्टी लावली पाह्यजे, हे मान्य. चाळीस-पन्नास रुपयाची गोष्ट आहे. लावत नाईत त्याईले मीबी बोलतो. पण रस्ता आमचाबी आहे एवढं ध्यानात ठेवून चालवा.

कारंजेकर, तुमी जुन्या रस्त्यानंच या. टपरीवाल्याचे दोन पैसे होतात.

शंभर सीसी

आमच्यासाठी वादच नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदी. गावात निम्म्या लोकांकडं दुचाकीच आहे, त्यामुळं "समृद्धी की जुना" हा चारचाकीवाल्यांच्या घरचा प्रश्न. चालू द्या.

आर्वीची सून

सगळे चहा, टोल आणि ट्रॅक्टरवर बोलताहेत. गाडीत बायका असणार, त्यातल्या दोघी-तिघी साठीच्या पुढच्या, हे कोणाच्या लक्षात आहे का? कारंजेकर म्हणतात "कुठंही थांबा." पुरुषमाणूस कुठंही थांबतो. आम्ही नऊवारी-पैठणी सांभाळत कुठं थांबायचं? जुन्या रस्त्यावरच्या पंपांवर स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली मालकाकडं आणि मालक जेवायला गेलेला. म्हणून सासूबाई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं धरून बसतात आणि सगळे म्हणतात, ऊन लागलं.

समृद्धीवर फार चांगलं आहे असं मी म्हणत नाही. तिथंही सोयी लांब लांब अंतरावर आहेत. पण तासाभरात पार पडत असेल तर निघताना घरी आणि पोचल्यावर पाहुण्यांकडे, एवढ्यात भागतं. वेळ वाचवून करायचं काय, असं काकांनी विचारलंय. त्याचं उत्तर हे.

कारंजेकर

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे, यावर मी वाद घालणार नाही. फक्त रस्ता बदलण्याऐवजी थांबा बदलता येतो. पुलगावात माझ्या मावसभावाचं घर आहे, त्याला आदल्या दिवशी फोन करतो. बायका तिथं उतरतील, हातपाय धुतील, चहाही होईल. जुन्या रस्त्यावर ओळखीपाळखीची घरं लागतात, समृद्धीवर नातेवाईक राहत नाहीत.

सोळा टायरी भाऊ, ओलांडायची घाई कोणाला आहे? ट्रॅक्टरच्या मागं दोन किलोमीटर रांगलो तर बिघडलं काय?

सोळा टायरी

तुम्ही रांगाल हो. मागच्या गाडीतली पोरं रांगतील का?

मास्तर

दोन्ही बाजू वाचल्या. रस्त्यावर इतकं बोलणं झालं आणि गाडीवर कोणी एक शब्द बोललं नाही.

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, पाहुणचार नव्हे. तेवढं पळवलंच पाहिजे असं नाही. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, ८० ला २२. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईस्तोवर एक सेकंद सहज जातो. रस्ता सरळसोट, सिमेंटचा, ना वळण ना गाव, त्यामुळं चालवणाऱ्याचे डोळे उघडे राहतात आणि लक्ष झोपतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, तीही मध्यरात्र उलटल्यावर आणि याच सडकेवर. समोरून कोणी येत नाही म्हणून "बिनधास्त" शब्द वापरायचा नसतो.

आता टायर. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, कारण ती फार धावलेलीच नसते. पण रबर उभ्या जागी म्हातारं होतं. टायरच्या बाजूला लांबलचक अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. असं टायर, त्यात हवा कमी, गाडीत सात माणसं, डिकीत पेढे आणि फळांच्या पाट्या, खाली तापलेलं सिमेंट आणि वेग १२०. फुटायला आणखी काय लागतं? निघण्याआधी, टायर थंड असताना हवा भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

असं टायर असेल तर जुन्याच रस्त्यानं साठ-सत्तरनं जा. टायर नवं असेल आणि चालवणारा नव्वदवर समाधानी असेल तर समृद्धी. माझं मत गाडी आणि माणूस पाहून ठरतं.

बांधावरून

मास्तर, माह्या ट्रॅक्टरचं टायर पाह्यलं तर आकडेच घासून गेले आहेत.

वऱ्हाडी पाहुणा

कारंजेकर काका, जाण्याबद्दल तुमचं सगळं खरं मानतो. सकाळी आठला, उजेडात, जुन्या रस्त्यानं. उत्तम. माझा आक्षेप "चारला परत" या दोन शब्दांवर आहे.

साक्षगंध कोणत्या घरी वेळेत सुरू झालंय? साडेबाराचं दीडला लागेल, कारण मुलाकडचे मामा यायचे असतात. अंगठी सापडत नाही. मग फोटो : आधी दोघांचे, मग आईबापांचे, मग "राहिले कोण राहिले" असं ओरडून सगळ्यांचे. पंगत अडीचला. त्यानंतर मोठी माणसं लग्नाची तारीख आणि कार्यालय धरायला बसतात, ती बैठक अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. मग काकू म्हणणार, इथवर आलो तर सेवाग्रामला बापूकुटी पाहून जाऊ. आणि गोरसपाक घेतल्याशिवाय वर्धा सोडणारी बाई मी पाहिलेली नाही. तुम्ही साडेपाचला निघाल. या दिवसांत सहाच्या आत अंधार.

आणि अंधार पडला की तुमच्या त्या ओळखीच्या रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाई. तूर उभी असते, रस्त्याच्या एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूच्या तुरीत शिरायला कळप आडवा येतो. दोन-अडीचशे किलोचा नर. त्याचे पाय लांब, म्हणून बंपर पायाला लागतो आणि धड सरळ काचेवर येतं. एक गेला म्हणून गाडी सोडली की मागचा दुसरा येतो, हे गाडी शिकवणारा कोणी सांगत नाही. दिवा पाहून थबकतोही, आणि थबकतो तो बरोबर मधोमध. डुकरं वेगळीच.

समृद्धीला दोन्ही अंगांनी कुंपण आहे. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य त्याच पट्ट्यात, म्हणून जनावरांना जायला सडकेखालून आणि वरून वेगळे मार्ग काढलेत. कुंपण कुठं तुटलेलं नसेलच असं नाही, पण रात्रीच्या वेळी तुरीच्या वावरापेक्षा मी कुंपणावर विश्वास ठेवीन.

आर्वीची सून

"राहिले कोण राहिले" 😄 अगदी. आमच्याकडे तर फोटोनंतर जावयाला शोधायला माणूस पाठवावा लागला होता.

सोळा टायरी

पाहुण्यानं मुद्द्यावर हात ठेवला. रात्री यायचं तर समृद्धीच. फक्त काही गोष्टी पोरांना सांगून ठेवा. डिझेल वर्ध्यातच भरा. आमच्यासारख्या जड गाड्यांनी डावा पट्टा धरायचा असतो, तरी काही शहाणे उजवा धरून बसतात; त्यांच्या मागं दिवे मारत चिकटू नका, अंतर ठेवा. कारंजाचं उतरण हुकलं तर मागं वळता येत नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं. उलटं येण्याचा विचारसुद्धा नको. गाडी बंद पडली तर अगदी डाव्या कडेला घ्या, इशाऱ्याचा लाल त्रिकोण बराच मागं ठेवा आणि गाडीत बसून राहू नका, सगळ्यांनी उतरून लोखंडी कठड्यापलीकडं उभं राहायचं. रात्री कडेला उभ्या गाडीला मागून ठोकणारे कमी नाहीत.

आणि काकांना पैसेच वाचवायचे असतील तर मधला मार्ग आहे. टोल जेवढं चालाल तेवढाच लागतो. धामणगावला चढता-उतरता येतं. जाताना जुन्यानं जा, येताना धामणगावपर्यंत उजेड असेल तर जुन्यानं या, अंधारलं की तिथून वर चढा. अर्ध्याहून कमी पैशात काम.

कारंजेकर

धामणगावची युक्ती डोक्यात घेतली. जाताना मात्र जुनाच रस्ता, तो हलणार नाही. मावसभावाला फोनही करून टाकला आणि त्यानं पोह्यांचं कबूल केलंय, तर्रीसकट.

येण्याचं म्हणाल तर पाहुण्यांनी आमचं घर आतून पाहिल्यासारखं लिहिलंय. चारचा आग्रह मी तरी धरीन. साडेचारनंतर कोणी फोटोला उभं राहिलं तर त्याला सोडून निघणार.

वऱ्हाडी पाहुणा

पुतणीलाच सोडून याल.

मास्तर

टायरचे चार आकडे कोणी पाहिले का अजून?

कारंजेकर

मोठ्या गाडीचे पाहिले, ठीक आहेत. पोरांच्या गाडीचं स्टेपनी पाहायला डिकी उघडली तर आत तुरीचं बियाणं भरलेलं पोतं निघालं. ते काढून पाहतो.