महाप्याची कंपनी बंद झाली, अनुभवपत्र कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे ठाण्यात आहे, नौपाड्यात आईकडे. बॅग उघडायच्या आत अमेरिकेतल्या माझ्या कंपनीच्या वकिलाची मेल: ग्रीनकार्डसाठी पर्मची (कंपनीने तिथल्या कामगार खात्याकडे करायच्या पहिल्या अर्जाची) तयारी सुरू करतोय, आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र पाठवा. बी.ई. अधिक पाच वर्षं असं दाखवणार आहेत, आणि ती पाच वर्षं माझी महाप्याला मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत गेली.

काल वाशी लोकलने घणसोली, तिथून रिक्षा करून गेलो. तिथे भलतीच पाटी. वॉचमन म्हणाला, "ते लोक लॉकडाऊनमध्येच गेले, साहेब." माझ्याकडे फक्त रिलीव्हिंग लेटर आहे. त्यात तारखा आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. चालेल का?

शिवाय एचआरचं म्हणणं, पर्मच्या वकिलाची अर्धी फी मी द्यायची. एच-१बीचं, म्हणजे कामाच्या व्हिसाचं, चौथं वर्ष संपत आलंय, म्हणून गप्प बसलोय.

– गणपतीत पडदा ओढणारा

---

अरे पडदेवाल्या,

फीचं आधी. एक डॉलरही देऊ नकोस. २००७ पासून नियमच आहे, पर्मचा खर्च, वकील आणि त्या जागेच्या जाहिराती धरून, मालकाने करायचा. पुढच्या आय-१४० (कंपनीचा तुझ्यासाठी अर्ज) आणि आय-४८५ (तुझा स्वतःचा ग्रीनकार्डचा अर्ज) चं काय ते आपसात ठरवा. भांडायला जाऊ नकोस, वकिलाला मेलमध्ये घेऊन भोळेपणाने विचार, "हे मी द्यायचं असतं का हो?"

पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म भरला गेला पाहिजे, म्हणजे सहा वर्षांपुढे एच-१बी वाढवून मिळतो. आधी कामगार खात्याकडून पगाराचा दर ठरवून घ्यायचा, मग जाहिराती, त्यात कितीतरी महिने जातात. तेव्हा वकिलाला जरा हलवत राहा.

शुभेच्छांचं पत्र चालणार नाही. तू तिथे नेमकं काय करत होतास, हुद्दा काय, पूर्णवेळ होतास का, हे हवं. पर्मच्या अर्जात ओरॅकल डेटाबेस लिहिलंय आणि पत्रात नुसतं "सॉफ्टवेअरचं काम", तर आय-१४० ला अडकशील, आणि भरलेला पर्म मागाहून दुरुस्त करता येत नाही. कंपनी नाही ना? मग तुझा जुना साहेब शोध. तो स्वतःच्या नावाने लिहून देईल, की मी अमुक काळ याचा वरिष्ठ होतो, याने हे हे केलं. नोटरी करून घे. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. आमच्या ह्यांचा वागळे इस्टेटमधला कारखानाच बंद पडला होता. कळव्याच्या दोन सहकाऱ्यांनी लिहून दिलं, त्यावर निभावलं.

आणि एक, आगाऊपणा वाटला तर सोडून दे. तुझी बायको मस्कतला जन्मली ना? हळदीकुंकवाला बोलता बोलता म्हणाली होती. ग्रीनकार्डची रांग पासपोर्टवर नसते रे, जन्म कुठे झाला त्यावर असते. नोकरीतून वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपण भारतात जन्मलेले वर्षानुवर्षं ताटकळतो. पण नवऱ्याला बायकोचा जन्मदेश लावून घेता येतो. वकील आपणहून विचारेलच असं नाही. तो कंपनीचा वकील, तुझा नव्हे. तिच्या जन्मदाखल्यासाठी सासऱ्यांना गाठ.

– मोदकवाली काकू

---

काकू,

साहेब ऐरोलीला सापडले. मामलेदारची मिसळ खाता खाता मसुदा केला. ते "अत्यंत प्रामाणिक व कष्टाळू" घालायलाच बसले होते. म्हटलं, सर, प्रामाणिक राहू दे, डेटाबेस लिहा. वकिलाने मसुदा दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा पास. मग कोर्टाबाहेर नोटरी. त्याने पत्र उलटंपालटं करून विचारलं, "केस कसली आहे?" साहेब म्हणाले, "याची."

फीचा प्रश्न तुम्ही सांगितलात तसाच विचारला. वकिलाचं एका ओळीचं उत्तर, आणि एचआरने तो विषय पुन्हा काढलेला नाही.

आता मस्कत. बायकोसकट सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच डोक्यात आलं नाही! सानपाड्याला सासूबाईंनी गोदरेजच्या कपाटातून लसीकरणाचं कार्ड काढलं, त्याच्या पोटात चार घड्या घातलेला दाखला. सगळा अरबीत. घडीवर शाई उडालीय. सासरे म्हणाले, वाशीला फ्लॅट घेताना, पासपोर्टला, कशालाच हा लागला नाही, दोनदा टाकून देणार होतो.

वकिलाला फोटो पाठवला. म्हणतो, चालेल, पण इंग्रजी भाषांतर हवं, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराने सही करून द्यायचं. आपल्या मंडळात कुणाला अरबी येतं का? शनिवारी रात्री निघतोय.

– प. ओ.

---

आपल्यात नाही, पण माझ्या ऑफिसात एक इजिप्तचा आहे, त्याला विचारते. मूळ दाखला हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नको. आणि येताना जांभळी नाक्यावरून भाजकी बडीशेप आण, अर्धा किलो.

– मो. का.