प्रतिसाद: कंसातलं मरण

व्हर्जिनिया वूल्फच्या 'टू द लाइटहाउस' या कादंबरीत शंभर पानं झाली तरी काहीच घडत नाही, हे वर कोणीतरी म्हटलंय ते अर्धंच पटलं. घडतं, पण भलत्याच जागी. मी ही बोरिवली-चर्चगेट स्लो लोकलमध्ये उभ्याने वाचली (चूकच ती). तिसरा भाग लागला तरी मिसेस रॅम्झी, म्हणजे गोष्टीतल्या कुटुंबाची आई, कुठे दिसेनात, म्हणून अंधेरीला बसायला मिळाल्यावर पानं मागे उलटली. मधल्या भागात, चौकोनी कंसातल्या एका वाक्यात, त्या अचानक गेल्याचं सांगून वूल्फबाई मोकळ्या! त्यांच्या मुलीचं बाळंतपणातलं आणि मुलाचं युद्धातलं मरणही तसंच कंसात. पानंच्या पानं मिळतात ती त्यांच्या रिकाम्या पडलेल्या उन्हाळ्याच्या घरातल्या धुळीला, ओलीला, वाऱ्याला.

कादंबरी 1927ची, बाईंची स्वतःची आई 1895 साली गेली तेव्हा त्या 13 वर्षांच्या होत्या आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं त्यांचं उन्हाळ्याचं घरही त्यानंतर सुटलं. मला मात्र हे वाचताना आमचं कोकणातलं बंद घर आठवत होतं. आजी गेल्यावर दोन पावसाळे तिकडे कोणी फिरकलं नाही. दार उघडलं तर तिची काठी खुंटीलाच, तिच्यावर वाळवीची माती चढलेली.