मदत हवी आहे : शहरातलं युद्ध आणि घरात अडकलेली माणसं

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासगटात रविवारी मला यावर बोलायचंय आणि तयारी करताना मी इराकमधल्या मोसुल शहरातल्या एका घटनेपाशी अडकलेय. १७ मार्च २०१७ ला तिथल्या एका इमारतीतल्या आयसिसच्या दोन स्नायपरना (लपून नेम धरणाऱ्या बंदूकधाऱ्यांना) मारायला अमेरिकेनं बॉम्ब टाकला. इमारत कोसळून शंभराहून जास्त नागरिक गेले. आत माणसं असल्याचं ठाऊक नव्हतं, असं त्यांच्या चौकशीत निघालं. युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल (पुरवणी करार) सांगतो, अपेक्षित नागरी हानी लष्करी फायद्याच्या मानानं अवाजवी नको. पण न दिसलेली माणसं त्या हिशेबात धरायची कशी? ‘माहीत नव्हतं’ हे मला पटतच नाही. आमच्या वाड्यात जिन्याखालच्या खोलीत आजी झोपतात, त्या वरून कुणाला दिसणार? इथे निवृत्त लष्करी अधिकारी किंवा कायदा शिकवणारं कुणी आहे का? शनिवारपर्यंत भेटता आलं तर फार बरं होईल.